म्हाताऱ्या आणि जाड्या लॅबसाठी (लॅब्रॅडॉर कुत्र्यासाठी) फूड शोधताय? रॉयल कॅनिन सॅटायटी आणि बाकीच्या पिशव्या

घाईत असाल तर आधी निकालच सांगून टाकते. कुत्रं सात-आठ वर्षांच्या पुढचं आहे, वजन चांगलं पाच-सहा किलो जास्त आहे आणि ब्लड रिपोर्ट ठीक आहेत, तर दुकानातली 'सिनिअर' लिहिलेली पिशवी घेऊ नका, वजन कमी करण्यासाठीचं व्हेटर्नरी डाएट (प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यायचं खास फूड) घ्या, महाग आहे तरी घ्या. आणि स्वयंपाकघरात वापरतात तो छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. तो नसेल तर कुठलंही फूड आणा, पैसे पाण्यात. एक-दोन किलोच जास्त असेल तर एवढा खर्च करायची गरज नाही, त्याचं पुढे लिहिलंय.

आता सविस्तर. आमची बर्फी, पिवळी लॅब, नववं चालू आहे, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे, मुक्काम कोथरूड. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर व्हॅक्सिनला नेली तेव्हा डॉक्टरांच्या काट्यावर 38 किलो 400 ग्रॅम. तिच्या हाडापेराला 31 च्या आसपास पाहिजे म्हणे. डॉक्टरांनी एक टेस्ट शिकवली ती खरंच घरबसल्या कोणीही करू शकतं. मूठ वळा आणि बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा, कुत्र्याच्या फासळ्या हाताला अशा लागत असतील तर ते हडकुळं आहे. हात सरळ करून पालथ्या पंजावरून बोट फिरवा, तसं लागलं तर बेस्ट. आणि तळहाताच्या बाजूने बोटांच्या मुळाशी जे गुबगुबीत लागतं, तसं लागलं तर जाड. बर्फीच्या फासळ्या आहेत की नाहीत हेच कळत नव्हतं. वरून बघितलं तर कंबर नाही, सरळ गादीचा लोड. ते नऊ पॉइंटचं बॉडी कंडिशन स्कोअर असतं, चार-पाच म्हणजे छान आणि त्याच्या वरचा एकेक पॉइंट म्हणजे साधारण दहा टक्के जास्त वजन, त्यात ही सात-आठमध्ये.

फूड बदलायच्या आधी ब्लड टेस्ट करून घ्याच. थायरॉइड कमी असलं तर कुत्रं कमी खाऊनही फुगतं, कुशिंग्ज नावाचा एक हॉर्मोनचा आजार असतो त्यात पोट लोंबतं आणि भूक-तहान वाढते, ही कुठल्याही फूडने बरी होणारी प्रकरणं नाहीत. किडनीचं काही निघालं तर मग फूडच वेगळं लागतं. आमचं सगळं नॉर्मल आलं, म्हणजे दोष फक्त खाण्याचा.

मग आम्ही गेलो दुकानात. नाव लिहीत नाही, सगळीकडे हेच होतं. "मॅडम, नऊ वर्षं म्हणजे सिनिअर घ्या, सगळे लॅबवाले हेच नेतात." पिशवीवर पांढऱ्या तोंडाचा एक गोड म्हातारा कुत्रा, खाली 'जॉइंट केअर' वगैरे. मला पिशवी उलटी करून वाचायची सवय आहे, नवऱ्याला ह्याचा वैताग येतो पण असो. मागे लिहिलं होतं प्रोटीन 22, फॅट 12, फायबर 4, मॉइश्चर 10. शेजारी त्याच कंपनीचं साधं अ‍ॅडल्ट होतं त्यात प्रोटीन 24 आणि फॅट 10, बाकी आकडे तेच. म्हणजे म्हातारपणी स्नायू झडतात म्हणून प्रोटीन जपायचं, तर सिनिअरमध्ये तेच कमी आणि फॅट जास्त! अमेरिकेत पेट फूडची जी मापं ठरवतात ना, आफको, ज्याचा हवाला आपल्याकडच्या पिशव्यांवरही असतो, त्यांच्याकडे पिल्लाचं आणि मोठ्या कुत्र्याचं असं वेगवेगळं पोषणाचं प्रमाण आहे पण सिनिअरचं म्हणून वेगळं काही नाहीच. त्यामुळे सिनिअर म्हणजे कंपनी म्हणेल ते. 'लाइट' म्हणजे कमी कॅलरीचं लिहिलेल्या फूडला मात्र त्यांची मर्यादा आहे, कोरडं फूड असेल तर किलोला 3100 कॅलरीच्या वर जाता कामा नये. म्हातारं झालं म्हणून प्रोटीन कमी करा हा सल्ला सोसायटीत हमखास मिळतो, तो किडनीचा त्रास असेल तरच, नाहीतर उलट प्रोटीन चांगलं हवं.

आता गंमत म्हणजे बऱ्याच पिशव्यांवर कॅलरीच लिहिलेल्या नसतात. मग हिशोब आपण करायचा. प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर आणि राख (म्हणजे खनिजं, लिहिली नसेल तर 8 धरा) ह्यांची बेरीज शंभरातून वजा करा, राहिलं ते कार्ब. मग प्रोटीन गुणिले साडेतीन, कार्ब गुणिले साडेतीन, फॅट गुणिले साडेआठ, सगळं मिळवा, शंभर ग्रॅमच्या कॅलरी आल्या. त्या सिनिअरच्या आल्या 333 आणि अ‍ॅडल्टच्या 323. दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला मॅडम तुम्ही सीए आहात का. (नाही.) आणि हेही लक्षात ठेवा की पिशवीवर फॅट लिहितात ते 'कमीत कमी' एवढं असं असतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त असू शकतं.

दुसरा हिशोब, कुत्र्याला लागतं किती. हा फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतो. जे वजन व्हायला हवं ते घ्या, आत्ताचं नाही. आमचं 31. त्याला त्यानेच दोनदा गुणा, 29791. त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्याचं परत वर्गमूळ काढा, 13 च्या थोडं पुढे येतं, त्याला 70 ने गुणा. 920. एवढ्या कॅलरी दिवसाला, त्यात सगळं आलं. अगदी सगळं. पिशवीवरचा तक्ता बघाल तर तो आहे ते वजन टिकवायचा असतो, कमी करायचा नाही, आणि लोक त्यात कुत्र्याचं आत्ताचं वजन बघून वाटी भरतात. डॉक्टरांकडून हा आकडा एकदा तपासून घ्या, प्रत्येक कुत्र्याचं थोडं इकडेतिकडे होतं.

मग कोणी म्हणेल की आहे तेच फूड अर्धं करा, कशाला नवीन. तेच तर नाही चालत. साधं फूड अर्धं केलंत की कॅलरीबरोबर प्रोटीन, कॅल्शियम, व्हिटॅमिन पण अर्धं होतं, वजन उतरतं ते स्नायूचंही उतरतं आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे गेलेले स्नायू परत यायला मुश्किल. वर ते भुकेने घर डोक्यावर घेतं. वजन कमी करायच्या व्हेट डाएटमध्ये कॅलरीच्या मानाने बाकी सगळं जास्त भरलेलं असतं, पैसे त्याचे असतात.

आम्ही घेतलं रॉयल कॅनिनचं सॅटायटी वेट मॅनेजमेंट. प्रोटीन तीस टक्क्यांच्या आसपास, फॅट दहाच्या आत, फायबर भरपूर (त्यात आपली इसबगोलची भुशी पण आहे, सासऱ्यांना हे ऐकून फार आनंद झाला), आणि किलोला 2900 च्या आसपास कॅलरी. 920 मधले नव्वद वरखर्चाला बाजूला काढले, राहिले 830, म्हणजे रोजचे साधारण 285 ग्रॅम. साधं फूड किलोला 3700 वालं असतं तर तेवढ्याच कॅलरीत फक्त 225 ग्रॅम बसलं असतं. साठ ग्रॅम ऐकायला कमी वाटतं पण बोलमध्ये दिसायला फरक पडतो, शिवाय हे दाणे हलके, पोकळ, त्यामुळे ढीग मोठा दिसतो. आणि पाणी पिऊन पोटात फुगतं. बर्फी पूर्वी जेवण झाल्यावर रिकामं बोल फरशीवर ढकलत स्वयंपाकघरभर फिरायची, स्टीलचं बोल, तो आवाज खालच्या मजल्यावर जायचा. आता जेवते, बोल चाटते, भरपूर पाणी पिते आणि बाल्कनीच्या दारात जाऊन पडते. हा माझ्या दृष्टीने ह्या फूडचा सगळ्यात मोठा पॉइंट.

लॅबचं भुकेचं अजून एक आहे. 2016 मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या लोकांनी शोधून काढलं की जवळपास चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो आणि त्यामुळे त्यांचं खाण्यावर लक्ष जास्त आणि वजनही जास्त. म्हणजे ते आपल्याकडे बघतात ते सगळंच नाटक नसतं. हे कळल्यावर घरातल्यांना दया अजून आली, तो वेगळाच प्रॉब्लेम.

फूड एकदम बदलू नका, सात ते दहा दिवस घ्या, पाव नवीन, मग निम्मं, मग पाऊण असं. नाहीतर जुलाब लागतात आणि दोष नव्या फूडला जातो. आणि फायबरवालं कुठलंही फूड असलं तरी शी वाढते, आकाराने पण आणि वेळा पण, फिरायला जाताना एक जादा पिशवी खिशात टाका. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही.

किमतीचं बोलू. किलोला बघाल तर साध्या भारतीय फूडच्या तिपटीच्या घरात जातं. पण साधं आम्ही दिवसाला चारशे ग्रॅमच्या पुढे घालत होतो, हे 285, त्यामुळे महिन्याचा खर्च तिप्पट नाही होत, दुपटीच्या थोडा पुढे जातो. तरी खिशाला जाणवतंच, नाही म्हणत नाही. ह्याच प्रकारात हिल्सचं मेटाबॉलिक आहे, फार्मिनाचं व्हेट लाइफ ओबेसिटी आहे, ड्रूल्सचंही व्हेटमध्ये ओबेसिटीवालं आहे. ते आम्ही वापरलेले नाहीत त्यामुळे बरंवाईट सांगत नाही, पण निवडताना तीनच गोष्टी बघा, किलोला कॅलरी किती, प्रोटीन किती आणि तुमच्या भागात कायम मिळतं का. मध्येच स्टॉक संपला आणि आठवडाभर दुसरं घातलं की पोट बिघडतं. आणि ही सगळी व्हेट डाएट आहेत, नुसतं ॲपवर दिसलं म्हणून मागवायची नाहीत, डॉक्टरांना विचारून घ्यायची.

आता खरा विषय. पिशवी कुठलीही आणा, घरातली माणसं तीच असतात. आमच्याकडे सासूबाई आणि बर्फी ह्यांची सकाळ-संध्याकाळ चहाची वेळ ठरलेली. "अगं एवढंसं बिस्किट, त्याने काय होतंय, म्हातारी झालीये बिचारी." एक पारले-जी म्हणजे साधारण 25 कॅलरी. सकाळी दोन संध्याकाळी दोन, शंभर. एक पोळी शंभर ते सव्वाशे, तूप लावलं की चमच्याला 45 अजून. दुपारी मुलाच्या ताटातलं, रात्री सगळ्यांचं झाल्यावर भांड्याला लागलेला दहीभात. 920 मधले चारशे असेच गेले आणि वर आपण म्हणतो फूड चांगलं नाही, वजन उतरत नाही. मी आईंना म्हटलं अहो आई, तिच्या 31 किलोच्या हिशोबात एक पोळी म्हणजे दिवसाच्या जेवणाचा आठवा हिस्सा झाला, तर म्हणाल्या मग अर्धी देते.

शेवटी जे चाललं ते असं. सकाळी काट्यावर 285 ग्रॅम मोजायचे आणि एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायचे. दिवसभरात जे द्यायचं ते ह्या डब्यातूनच. दोन जेवणं त्यातूनच, आणि आईंच्या चहाच्या वेळेचे दहा-बारा दाणे पण त्यातूनच. आईंना द्यायला मिळतं, बर्फीला घ्यायला मिळतं, आणि खरं सांगते तिला काय फरक पडतो, तिला हात पुढे आलेला हवा. रात्री डब्यात काही उरलं असेल तर तेवढं शेवटचं. कपाने मोजू नका, कप कधी सपाट असतो कधी शिगोशीग, वीस-तीस ग्रॅम सहज जास्त पडतात आणि दिवसाला तीस ग्रॅम म्हणजे महिन्याला जवळजवळ एक किलो फूड फुकट पोटात.

ते बाजूला काढलेले नव्वद, त्यात भाज्या. मंडईतला दुधी उकडून, शंभर ग्रॅमला 15 कॅलरी फक्त, म्हणजे वाटीभर घाला काही होत नाही. काकडी तशीच. लाल भोपळा, फरसबी, गाजर पण चालतं, गाजर थोडं मोजून. मीठ नाही, फोडणी नाही. कांदा-लसूण अजिबात नाही, द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाहीत. हे मुद्दाम लिहितेय कारण गणपतीत आमच्याकडे आलेल्या एका काकूंनी प्रेमाने प्रसादाचा शिरा तिच्यापुढे धरला होता आणि त्यात बेदाणे होते, मी अक्षरशः हातातून घेतला. बेदाण्याने कुत्र्याची किडनी जाऊ शकते, थोड्यानेसुद्धा. पीनट बटर देणाऱ्यांनी डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) नाही ना ते बघा, ते कुत्र्याला विष आहे. दातांच्या स्टिक्स, च्युज ह्यांच्याही कॅलरी असतात बरं का, त्या फुकट नसतात.

घरी शिजवलेलं का नाही, असं सगळेच विचारतात. चिकन-भात मला पण सोपा वाटतो, पण त्यात कॅल्शियम नसतं, बाकी पण बरंच नसतं. 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीने घरगुती डॉग फूडच्या 200 रेसिपी तपासल्या, त्यातल्या 95 टक्क्यांत कुठला ना कुठला आवश्यक घटक कमी निघाला. ज्यांना करायचंय त्यांनी व्हेट न्यूट्रिशनिस्टकडून रेसिपी लिहून घ्या आणि सप्लिमेंट घाला, वेळ असेल तर काहीच हरकत नाही. मला नाहीये.

वजन किती उतरलं. टार्गेट सांगतात आठवड्याला एक ते दोन टक्के. आमचं त्याच्यापेक्षा हळू झालं, गणपती आणि दिवाळी दोन्ही मध्ये आले, पाहुणे आले, काय करणार. दिवाळीनंतर त्याच काट्यावर 34 च्या खाली. (काटा एकच ठेवा, घरी उचलून बाथरूमच्या काट्यावर करतात त्यात एक-दीड किलोचा घोळ होतो.) पण चाल आधीच बदलली होती, वजन पूर्ण उतरायची वाट बघावी लागली नाही. ती मागचा उजवा पाय टेकवत टेकवत चालायची, सकाळी उठताना पुढचे दोन पाय रोवून मागचं धड ओढून वर घ्यायची. आता एका झटक्यात उठते. ह्यावर अभ्यासही झालेला आहे, सांधेदुखीच्या जाड कुत्र्यांचं वजन सहा-सव्वासहा टक्क्यांनी उतरलं तरी लंगडणं स्पष्ट कमी होतं. त्यामुळे पिशवीवरच्या ग्लुकोसामाइनच्या (सांध्यांसाठी म्हणून घालतात ते) जाहिरातीला मी फार भाव देत नाही, ओमेगा-3 ला थोडा देते, पण वजन उतरवणं ह्यातच निम्मं औषध आहे.

फिरण्याबद्दल एवढंच की जाड म्हाताऱ्या कुत्र्याला वेताळ टेकडी चढवायला लगेच नेऊ नका, चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर येतं. आम्ही कॅनॉल रोडला सपाटीवर जातो, दोनदा, थोडं थोडं. चालण्याने वजन उतरत नाही फारसं, खाण्यानेच उतरतं, चालणं स्नायूंसाठी.

साठवणीचं लिहायचं राहिलं. मोठी बॅग स्वस्त पडते पण पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये उघडलेली मोठी बॅग महिनाभर नीट राहत नाही, मऊ पडते, फॅटला खवट वास येतो. पावसाळ्यात लहान पॅक घ्या. मूळ पिशवीतच ठेवा आणि ती पिशवी डब्यात, म्हणजे एक्सपायरी आणि बॅच नंबर पण राहतो. काही दुकानं सुट्टं फूड किलोवर देतात, ते घेऊ नका, कधीचं आहे कळत नाही.

ज्यांचं कुत्रं एक-दोन किलोच जास्त आहे त्यांच्यासाठी: बिस्किटं-पोळी बंद करा, आत्ताच्याच चांगल्या अ‍ॅडल्ट फूडमधले दहा टक्के कमी करून दुधी वाढवा, महिन्याने वजन करा, बहुतेक तेवढ्यात काम होतं. नाही झालं तर लाइटवालं बघा. ज्यांच्या कुत्र्याला पूर्वी पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) झालाय, डायबिटीस आहे, किंवा किडनीचे आकडे वर आहेत त्यांनी माझं काही ऐकू नका, सरळ डॉक्टरांचं ऐका.

आणि ज्यांना घरच्यांना पटवायचंय त्यांच्यासाठी एक दारूगोळा देते, माझ्याकडे ह्यानेच काम झालं. प्युरिना ह्या पेट फूड कंपनीने 48 लॅब पिल्लं घेऊन जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं, आणि जन्मभर तसंच. 2002 मध्ये निकाल छापून आला. जास्त खाणाऱ्यांतली निम्मी कुत्री 11.2 वर्षांपर्यंत दगावली, कमी खाणाऱ्यांतली निम्मी 13 वर्षांपर्यंत. जवळजवळ दोन वर्षं. हे आईंना वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी पारले-जीचा पुडा वरच्या फडताळात गेला.

पुढे काय, तर 32 ला आली की हे हळूहळू कमी करून वजन टिकवायच्या फूडवर जायचं असं डॉक्टर म्हणतात, एकदम जुन्या फूडवर गेलं तर परत चढतं. तेव्हा कुठलं घेतलं ते लिहीन. तोपर्यंत पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीसाठी कापला.